आळस की आजार?



रविवारच्या मिस्साला आपण सारे एकाच वेळी उभे राहतो, एकाच वेळी बसतो आणि एकाच वेळी गुडघे टेकतो. अशा वेळी कोणी एकटेच बसून राहिले तर ते चटकन डोळ्यांत भरते. ती व्यक्ती तरुण आणि धडधाकट दिसणारी असेल तर विचारूच नका. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवरच कुजबुज सुरू होते. मीही अशी कुजबुज केली आहे, आणि एकदा तर कुजबुजीच्याही पुढे गेलो आहे. आज त्याविषयीच लिहीत आहे.

आपल्या गायनमंडळात एक भगिनी होती. तिच्या परवानगीने, पण नाव न देता, तिची हकिकत सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात ज्या भागांत आधी उसळली, त्यांत आपले वऱ्हाड होते. अमरावती शहरात आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली, ते दिवस कोण विसरेल? त्याच दिवसांत तिलाही कोरोना झाला. दवाखान्यात भरती व्हावे लागले नाही. पंधरा दिवसांत ताप गेला, तोंडाची चव परतली. सर्वांनी देवाचे आभार मानले. पण तिच्या अंगातली शक्ती काही परतली नाही. शाळेतली नोकरी सुटली. स्वयंपाक करताना मध्येच खाली बसावे लागे. केस विंचरायला हात वर धरला की तो भरून येई. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, सारे व्यवस्थित निघाले. एका डॉक्टरांनी सांगितले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका."

वर्षभराने एका रविवारी ती मिस्साला आली आणि पूर्ण वेळ बसून राहिली. बाहेर आल्यावर मी तिला थांबवले. मी निवृत्त शिक्षक, गायनमंडळाची जबाबदारी माझ्याकडे. मोठ्या प्रेमाने, अगदी वडीलकीच्या अधिकाराने म्हणालो, "अगं, घरी पडून राहिल्याने माणूस आणखी पडतो. थोडे अंग हलव, सरावाला ये, बघ कशी ताजीतवानी होशील!" ती हसली. त्या आठवड्यात ती दोनदा सरावाला आली, जिना चढून वर आली, आमच्याबरोबर उभी राहून गायलीसुद्धा. मला माझ्या उपदेशाचा अभिमान वाटला. त्यानंतर ती दिसलीच नाही. महिन्याभराने तिचे यजमान भेटले. शांतपणे म्हणाले, "सर, त्या दोन दिवसांनंतर ती तीन आठवडे अंथरुणातून उठली नाही. सध्या माहेरी ठेवली आहे, अकोल्याला."

बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेलो. खोलीत पडदे ओढलेले होते, कारण तिला उजेड सोसत नव्हता. ती दहा मिनिटे बोलली आणि दमली. निघताना तिची आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "सर, माही पोरगी आळशी नाही जी. लहानपनी इले एका जागी बसवनं कठीण होतं. आता इले उठवनं कठीण झालं."

त्या माउलीला हे मला सांगावे लागले, याची लाज अजून वाटते.

स्नायूंचे गणित

या आजाराला डॉक्टर क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याचा विकार. त्याचे दुसरे नाव मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस, थोडक्यात एम.ई. बहुतेक वेळा तो एखाद्या विषाणूच्या तापानंतर सुरू होतो. २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले होते. त्यांतले काहीजण ताप उतरल्यावरही महिनोन्महिने सांधे धरून बसलेले आपण पाहिले आहेत. बहुतेकजण हळूहळू सावरतात. काहीजण मात्र सावरत नाहीत. कोरोनानंतर अशांची संख्या जगभर वाढली.

या आजारात शरीरात नेमके काय होते हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे, असे मला आता वाटते. कारण माझे प्रेम खोटे नव्हते, माझे ज्ञान तोकडे होते.

आपण हात उचलतो, पायरी चढतो, पोळी लाटतो, तेव्हा स्नायूंच्या पेशींत इंधन जळत असते. प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाच्या अतिसूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नातून आलेली साखर व चरबी आणि श्वासातून आलेला प्राणवायू यांपासून त्या ए.टी.पी. नावाचे रसायन तयार करतात. हे रसायन म्हणजे पेशीच्या खिशातले सुटे पैसे. प्रत्येक हालचालीला ते खर्च होतात आणि भट्ट्या ते पुन्हा भरून देतात. हा पुरवठा अपुरा पडला की पेशी घाईच्या दुसऱ्या मार्गाने थोडी शक्ती मिळवते, पण त्या मार्गात आम्ल साचते आणि स्नायू लवकर दमतो. विषाणूच्या आजारानंतर थकवा न गेलेल्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत व्यायाम सुरू होताच नेहमीपेक्षा लवकर व जास्त आम्ल साचते, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८४ सालीच दाखवले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. निरोगी माणसाला सलग दोन दिवस सायकल चालवायला लावून त्याचा श्वास मोजला, तर दोन्ही दिवसांचे आकडे साधारण सारखेच येतात. व्यायामाची सवय नसलेल्याचेही तसेच. या आजाराच्या अनेक रुग्णांचे आकडे मात्र दुसऱ्या दिवशी घसरतात. कालच्या श्रमाने त्यांची शक्ती वाढलेली नसते, उलट कमी झालेली असते. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी येणारी ही घसरण हेच या आजाराचे मुख्य लक्षण, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने २०१५ साली नमूद केले. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा थकवा, झोपूनही न जाणारा शीण, आणि त्याच्या जोडीला विचारांचा गोंधळ किंवा उभे राहिल्यावर येणारी अस्वस्थता, ही बाकीची लक्षणे.

मोर्शी-वरुडकडच्या संत्रा बागायतदाराला हे लगेच कळेल. विहीर चांगली असेल तर दिवसा उपसा केला की रात्रीतून झरे ती पुन्हा भरतात. पण झरे आटले असतील आणि आपण रोजच्याइतकाच उपसा केला, तर सकाळी पाणी कालच्यापेक्षा खाली गेलेले असते. तरीही मोटर चालू ठेवली तर ती कोरडी चालते आणि जळते. "अजून थोडा वेळ चालवून पाहा" हा सल्ला तिथे कोणी देत नाही. मी मात्र तो माणसाला दिला होता.

नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोरोनानंतर असा थकवा राहिलेले २५ रुग्ण आणि पूर्ण बरे झालेले २१ जण यांच्या मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा त्यांनी सायकल चालवण्याच्या आधी आणि नंतर तपासला. रुग्णांच्या स्नायूंतल्या भट्ट्या आधीच मंद होत्या, आणि श्रमानंतर त्या आणखी मंदावल्या. स्नायूंच्या तंतूंना इजा झाल्याच्या खुणाही त्यांच्यात अधिक आढळल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मात्र पुन्हा पुन्हा मूठ आवळताना स्नायू दमण्याआधीच मेंदूकडून येणारा हुकूम ढिला पडत असल्याचे दिसले. बिघाड स्नायूत किती आणि मेंदूत किती, हा वाद संपलेला नाही. पण रुग्ण सोंग करतो, असे या दोन्हींपैकी कोणत्याही अभ्यासातून निघत नाही.

अविश्वासाचा इतिहास

आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये या आजारासारखी एक साथ पसरली. सुमारे ३०० कर्मचारी आजारी पडले, त्यांत अनेक परिचारिका होत्या. इस्पितळ काही काळ बंद ठेवावे लागले. ज्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, त्यांनी हा शरीराचाच आजार मानला. पण १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे वाचून, त्या रुग्णांना स्वतः न तपासता, हा उन्मादाचा प्रकार असल्याचे मत मांडले. आजारी पडलेल्यांत स्त्रियाच फार होत्या, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते! पुढे अनेक वर्षे कितीतरी रुग्णांना या मताची किंमत मोजावी लागली.

उपचारांचेही तसेच झाले. इंग्लंडमध्ये २००७ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांचा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा असे सांगितले होते. अनेक रुग्ण कळवळून सांगत राहिले की याने आम्ही अधिक खचतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सल्ला मागे घेण्यात आला. मधल्या १४ वर्षांत जे चालत आले होते आणि अंथरुणाला खिळले, त्यांचे काय? सल्ला देणारे दुष्ट नव्हते. त्यांना रुग्णाचे भलेच हवे होते. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. मी चर्चच्या पायऱ्यांवर तेच केले होते.

गोव्यातील बहिणी

आता एक प्रश्न कोणीही विचारील. आपल्याकडे थकली नाही अशी बाई दाखवा! पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, निंदण-वेचणीला जायचे, परत येऊन चूल पेटवायची. मग सगळ्यांनाच हा आजार झाला म्हणायचा का?

नाही. याबाबत गोव्यात झालेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांना त्यात प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी १२ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. आपण लगेच म्हणतो, "रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या घे." पण रक्तातील हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कर्जाशी, घरात उपासमार होण्याशी, कमी शिक्षणाशी, मनाच्या दुःखाशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या अत्याचाराशी.

या साऱ्या स्त्रियांना तो विकार होता असे नव्हे. थकव्याची कारणे अनेक असतात. थायरॉइड, मधुमेह, क्षय, जीवनसत्त्वांची कमतरता, नैराश्य, आपल्या विदर्भात सिकलसेलही. म्हणून डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यायलाच हवी. पण हा अभ्यास मला एक गोष्ट शिकवून गेला. कोणी "मी थकले" म्हणते तेव्हा त्यामागे पेशीतली मंद भट्टी असेल, रिकामे पोट असेल, सावकाराचा तगादा असेल किंवा रात्रीचा मार असेल. यांतले एकही कारण आळस नाही, आणि यांतले एकही चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

मग आळस कशाला म्हणावे?

ख्रिस्तसभेने आळसाची गणना सात प्रमुख पापांत केली आहे. त्यामुळे कोणाला आळशी म्हणणे ही साधी गोष्ट नाही, तो पापाचा आरोप आहे. पण आपल्या परंपरेने आळस म्हटले तरी कशाला? संत थॉमस ॲक्विनास यांच्या शिकवणीनुसार या पापाचे मूळ शरीराच्या थकव्यात नसून मनाच्या एका खिन्नतेत आहे. देवाने देऊ केलेल्या चांगल्याचाच माणसाला कंटाळा येतो, ते त्याला ओझे वाटू लागते. आळशी माणसाला चांगले हवेच नसते.

माझ्या त्या भगिनीला काय हवे होते? तिला गायचे होते, शाळेत जायचे होते, लेकराचा डबा स्वतः करायचा होता. हवे होते म्हणूनच तर ती माझ्या एका शब्दावर जिना चढून आली. आळशी माणूस काम टाळतो आणि आरामात राहतो. हा रुग्ण काम करतो आणि त्याची किंमत अंथरुणात फेडतो. दोघे बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोघेही पडून असतात.

पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष खरा मानून चालणे, यालाही आपली धर्मशिकवण पाप म्हणते. म्हणजे त्या रविवारी पायऱ्यांवर पाप घडले असेल, तर ते तिच्याकडून नव्हे.

कोणी म्हणेल, "पण सगळ्यांवर विश्वास ठेवला तर कामचुकारांचे फावेल." कदाचित एखाद्याचे फावेलही. दोन्ही चुका शेजारी ठेवून पाहू या. आळशाला आजारी समजलो, तर आपली थोडी मेहनत आणि थोडी सहानुभूती वाया जाईल. आजाऱ्याला आळशी समजलो आणि त्याला उठायला लावले, तर त्याचे शरीर आणखी बिघडेल, घरात त्याची पत जाईल, आणि पुढच्या वेळी तो आपले दुखणे सांगणारच नाही. काही रुग्णांना शेवटी स्वतःचाच संशय येऊ लागतो, मी खरेच आळशी तर नाही ना? या दोन चुका एका तराजूत समान ठरत नाहीत. आणि निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. शेजाऱ्याने, नणंदेने किंवा गायनमंडळाच्या प्रमुखाने प्रमाणपत्र मागू नये.

खाट उचलणारे

या आजारावर खात्रीचे औषध अजून नाही. रुग्णाला शिकावी लागते ती आपली जुनी म्हण, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आज शक्ती किती ते ओळखायचे, ती संपण्याआधीच थांबायचे, बरे वाटलेल्या दिवशी सगळी कामे उरकायचा मोह टाळायचा. हे एकट्याने जमत नाही. आजूबाजूच्यांनी ते अंथरूण ओढायचे थांबवले तरच जमते.

आपण काय करू शकतो? मिस्साच्या वेळी कोणी बसून असेल तर बसू द्यावे. प्रकृतीच्या कारणाने गुडघे न टेकण्याची मोकळीक ख्रिस्तसभेच्या उपासनाविधीतच आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासातून आजारी माणसाला आणि त्याची सेवा करणाऱ्यालाही सूट आहे. आजारामुळे रविवारची मिस्सा चुकली तर ते पाप नव्हे. अशांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेता येतो, त्यासाठी फादरांना कळवावे. भेटीला जाण्याआधी विचारावे, थोडा वेळ बसावे, हळू बोलावे, आणि "तू तर छान दिसतेस" असे म्हणू नये. जमल्यास डबा न्यावा. तिच्या वाटचे काम जी सासू, जो नवरा, जी आई करते, तीही माणसे थकतात. त्यांनाही एखादा दिवस सोडवावे.

शुभवर्तमानात चार माणसे एका पक्षाघाती मित्राला खाटेवर घालून प्रभू येशूकडे आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. मार्क सांगतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या चौघांपैकी कोणीही वाटेत "थोडे चालून तर बघ" असे त्याला म्हटल्याचे लिहिलेले नाही. ऊठ आणि चाल, हे शब्द पुढे आले खरे, पण ते प्रभूच्या मुखातून आले, आणि त्याच्या शब्दात बरे करण्याचे सामर्थ्य होते. माझ्या शब्दात ते नव्हते. तरीही मी तेच शब्द उच्चारले आणि खाटेला मात्र हात लावला नाही.

ती भगिनी आता अमरावतीला परतली आहे. पूर्वीसारखी बरी झालेली नाही. जमेल त्या रविवारी येते, मागच्या बाकावर बसते. गायनमंडळाचा सराव आम्ही आता खालीच घेतो. ती कधी आली तर खुर्चीवर बसून एखादे गीत गाते, कधी नुसती ऐकते. ती येते की नाही, गाते की नाही, हे विचारायचे मी सोडून दिले आहे. तिची क्षमा मात्र मी मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्ही निदान अकोल्यापर्यंत आलात."

पुढच्या रविवारी सारे गुडघे टेकतील तेव्हा कोणी बसलेले दिसले, तर त्या व्यक्तीसाठी मनात एक छोटीशी प्रार्थना करू या. आणि मिस्सा संपल्यावर, तिला काही सांगण्याआधी, तिची चौकशी करू या.